बत्तीस तारांची चाकं

बेलापूर ते नगर

एस.टी.त मांडीवर सायकलचं चाक घेऊन बसलेल्या बाईकडे लोक कसे बघतात, ते स्वतः अनुभवल्याशिवाय कळत नाही. आमच्या बेलापूरजवळच्या श्रीरामपूरच्या स्टँडवर आम्ही गाडीत बसलो. माझ्या मांडीवर मागचं चाक, शेजारी खिडकीशी माझी मुलगी केतकी आणि तिच्या मांडीवर पुढचं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"मॅडम, ह्ये काय हाय?"

"चाक."

"त्ये दिसतंय की. आमची गाडी पंक्चर झाली तर बसवायला आनलंय का?"

सगळी गाडी हसली. मी भूगोलाची शिक्षिका. वर्गात कोणी असं बोललं असतं तर बाकावर उभं केलं असतं. पण इथे त्याचा हक्क होता, म्हणून मीही हसून घेतलं.

बाकीची सायकल, म्हणजे चाकांशिवायचा तो सांगाडा, आदल्या दिवशी भाजीच्या टेम्पोवरून नगरला पोहोचला होता. चाकं मात्र केतकीने टेम्पोत टाकू दिली नाहीत. जुनं चाक दुकानदाराला दाखवल्याशिवाय नवं नीट निवडता येत नाही, असं तिचं म्हणणं. ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि गेली काही वर्षं शर्यतीची सायकल चालवते. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, पुण्याहून जुनीच घेतलेली. रविवारी नगरला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. पहिल्या चार मुली राज्यस्पर्धेला जाणार, आणि केतकीच्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही तर मग नाहीच.

आणि नेमकं याच वेळी मागचं चाक गेलं. उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडचे रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे होतात. डांबरात चाकोऱ्या पडतात, वाटेत उसाची कांडकी सांडलेली असतात. अशाच एका चाकोरीत तिचं चाक आदळलं आणि रिमला तारेच्या भोकापाशी चीर गेली. पुढचं चाक तसं धड होतं, पण ब्रेक घासून घासून त्याची कड इतकी झिजली होती की बोट फिरवलं तर खळगा लागायचा. दोन्ही बदलायला हवी होती. तीही आमच्या खिशाला झेपतील अशी.

निघताना केतकीच्या अप्पांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, शेतातूनच फोन करून एकच बजावलं, "चाकं अशी आना की लोकांनी वळून बगितलं पायजे."

राहुरी मागे पडली तसा हिरवा रंग विरळ होत गेला. आमच्याकडे पाटाचं पाणी, त्यामुळे ऊस अगदी घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. नगरच्या बाजूला जमीन उघडी पडते, माळ लागतात आणि वारा मोकाट होतो. केतकी खिडकीबाहेर हात काढून तो वारा चाचपत होती. मी ओरडले, तशी म्हणाली, "आई, आडवा आहे गं." मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. स्टँडवरच्या पाटीवर अहिल्यानगर आणि कंडक्टरच्या तोंडात "चला, नगर, नगर!" असं करत आम्ही उतरलो.

माळीवाड्याजवळचं दुकान

नगरला आले की मी कापडबाजारात जाते. एक साडी घ्यायला मला निदान तासभर लागतो आणि शेवटी पहिली दाखवलेलीच घेते. सायकलच्या चाकांचं असं काही असतं हे मला माहीत नव्हतं. चाक गोल असलं की झालं, अशी माझी समजूत.

दुकानदार गफूरभाई बोलायला गोड माणूस. त्यांनी आधी चहा मागवला, मग आतून कापडात गुंडाळलेली दोन चाकं आणली. कापड काढलं आणि मी बघतच राहिले. काळीभोर, तुकतुकीत, रिम चार बोटं खोल, तारा अगदी मोजक्या.

"पुण्याच्या एका साहेबांची आहेत बेटा. हौस म्हणून घेतली, दोन महिने चालवली, पाठ धरली, विकली. नवीची किंमत ऐकशील तर चक्कर येईल. तुझ्यासाठी मी कमी करतो."

त्यांनी सांगितलेली किंमत आमच्या आवाक्याच्या अगदी काठावर होती. मी मनातल्या मनात चाकं सायकलला बसवलीसुद्धा. ह्यांनी सांगितलं होतं तशी, लोकांनी वळून बघावं अशीच होती ती.

केतकीने चाक हातात घेतलं. आस दोन बोटांत धरून चाक फिरवलं आणि कान जवळ नेला. मग आस धरून डावा-उजवा हलवला. जवळजवळच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबत ती सगळ्या चाकाभोवती गेली. माझी आई आंबे घेताना असंच करायची. आंबेवाला वैतागायचा, पण आमच्या घरात नासका आंबा कधी आला नाही.

"भाई, एक तार तुटली तर इथे मिळेल?"

"मागवू ना पुण्याहून. आठवडाभरात येते."

"निवड परवा आहे. आणि हे मागचं थोडं खडखडतंय."

"तेवढं मी घट्ट करून देतो."

"आणि नगरचा वारा? एवढ्या खोल रिमला आडवा वारा लागला तर हँडल ओढतं. मी या चाकांवर कधी बसलेली नाही. शर्यतीच्या दिवशी शिकत बसू का?"

गफूरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

मग तिने भिंतीवर मागे टांगलेली एक जोडी काढायला सांगितली. साधी ॲल्युमिनियमची, चंदेरी, बत्तीस-बत्तीस तारांची. सायकलवर सामान लादून लांबच्या प्रवासाला जाणारे लोक ती नेतात म्हणे. दिसायला इतकी साधी, की आमच्या शाळेच्या स्टँडमध्ये लावली तर कोणी चोरणारही नाही. तिने ती तशीच फिरवली, ऐकली, दाबली. जुन्या मागच्या चाकावरचे दातेरी गिअर काढून नव्यावर चढवले, ते सरकन बसले. सांगाडा टेम्पोवाल्याने दुकानातच उतरवून ठेवला होता, त्याच्या मागच्या फटीत चाक घालून बघितलं. ना ओढावं लागलं, ना दाबावं.

"थोडी जड आहेत," ती म्हणाली. "चालेल."

माझ्याने राहवेना. "अगं, ती काळी किती छान दिसतात."

"आई, मला त्यांच्यावर बसायचंय. त्यांच्याकडे बघत नाही बसायचं."

तरी मी एक शेवटचा प्रयत्न केला आणि ह्यांना व्हिडिओ कॉल लावला. उसाच्या फडात उभे राहून ह्यांनी चंदेरी चाकं बघितली आणि म्हणाले, "आरं, ही तर दूधवाल्याची चाकं हायेत!"

"दूधवाल्याचं चाक कधी मोडलेलं बघितलंय का अप्पा?"

मग ते म्हणाले, "घे तुझ्या मनानं."

गफूरभाई खो खो हसले. स्वतः स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही चाकांचा उरलासुरला आऊट काढला, म्हणजे तारा कमीजास्त आवळून चाकाचं डुगडुगणं घालवलं. चाक फिरत होतं पण ते फिरतंय हे फक्त तारांवरून कळत होतं, इतकं सरळ. मी एवढी वर्षं मुलांना पृथ्वीचा आस शिकवते आहे, पण पोरीने आस दोन बोटांत धरून जो निकाल दिला तो बघून मला तिचा फार अभिमान वाटला. सगळे जण एकीकडे ओढत होते आणि ती शांतपणे तिला हवं तेच घेऊन बाहेर पडली. बाहेर आल्यावर आम्ही भेळ खाल्ली. ती तिखट जाळ होती, आणि केतकीने माझीही संपवली.

भिंगार

मुक्काम भिंगारला, वन्संच्या घरी. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, केतकीची आत्या. लष्करी छावणीच्या कडेला त्यांचं बैठं घर आहे. पहाटे कवायतीचा भोंगा झाला की त्याही उठतात, आणि त्यांच्याबरोबर घराने उठायचं अशी त्यांची शिस्त. रात्री त्यांनी नगरकडची घट्ट, मसालेदार शिपी आमटी वाढली. आमच्याकडे आमटी पातळ होते, त्यांची ताटात जागच्या जागी उभी राहते, आणि दर वेळी त्या "बेलापूरकडं पानी लई, आमटीत बी घालता" असं ऐकवतात.

शनिवारी सकाळी आम्ही आवरून बाहेर आलो, तर दारात वन्संनी सायकल पुजलेली. दोन्ही चाकांवर कुंकवाची स्वस्तिकं, हँडलला झेंडूचं फूल, पुढच्या चाकाखाली लिंबू. नव्या वाहनाची पूजा केल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, यात त्यांच्या घरी ट्रॅक्टर आणि सायकल असा भेद नाही. चंदेरी रिमा तर अशा चमकत होत्या की मला त्या काळ्या चाकांचा विसर पडला. केतकीने फोटो काढले, आत्याच्या पाया पडली, लिंबू चिरडलं आणि निघाली. मी वन्संच्या सुनेची स्कूटर घेऊन मागे.

हिवरे बाजारची वाट

चाकं शर्यतीआधी एकदा नीट चालवून बघायची होती, आणि पाणी अडवून नावाजलेलं हिवरे बाजार गाव मला शाळेसाठी बघायचंच होतं, म्हणून तिकडचा बेत. शहरातल्या सिग्नलला केतकी एकदा म्हणाली, "ब्रेक जरा मऊ लागतायत गं. नवी रिम आहे, बसेल हळूहळू." मी मान डोलावली. मला त्यातलं जितकं कळत होतं तितक्याला मान डोलावणं पुरेसं होतं.

कल्याण रोड सोडून आत वळलो. दोन्हीकडे कांद्याची रानं, मधेच ज्वारी. एक चढ लागला. केतकी उभी राहून पायडल मारत वर गेली, जपून चालवलेल्या माझ्या स्कूटरला मागे टाकत. माथ्यावरून मला हात केला आणि उतारावर सुटली.

मी माथ्यावर पोहोचले तेव्हा ती निम्म्या उतारावर होती, आणि खाली वळणावर शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. तिचं ओरडणं वाऱ्यावर आलं.

"आई! ब्रेक लागत नाहीत!"

या जातीच्या सायकलला ब्रेकची रबरं थेट रिमच्या कडेला धरतात. ती धरत नव्हती, घसरत होती. मी नुसती "केतकी, केतकी" करत स्कूटर पळवत होते, त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. तिने शेळ्यांकडे बघितलं, डावीकडे रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगाकडे बघितलं आणि सायकल सरळ ढिगावर घातली. सायकल मुरमात रुतली, ही हँडलवरून पलीकडे गेली. शेळ्यांनी मान वर करून बघितलं आणि त्या पुढे गेल्या. शेळ्यांमागचा म्हातारा लांबून ओरडला, "पोरी, जित्ती हायेस न्हवं?"

मी पोहोचले तेव्हा ती उठून बसली होती. कोपर सोललेलं, गुडघ्यातून रक्त. आणि ही बाई सायकल मुरमातून ओढून काढून मागचं चाक उचलून फिरवत होती. चाक फिरलं, सरळ, डुगडुग नाही. मग पुढचं. तेही सरळ. तेव्हा कुठे ती हसली, आणि मग रडली.

मग तिने रिमच्या कडेवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "आई, करडईचं तेल."

मला एकदम सगळं समजलं. वन्संच्या माहेरी, म्हणजे आमच्याच घरी, बैलगाडीच्या चाकाला वंगण दिल्याशिवाय गाडी जुंपत नसत. नवं चाक कोरडं कसं पाठवायचं? त्यांनी दोन्ही रिमा तेलाच्या फडक्याने गोल पुसून काढल्या होत्या. म्हणून त्या तशा चमकत होत्या. मला हसावं का रडावं कळेना, आणि खरं सांगायचं तर वन्संचा रागही आला.

हिवरे बाजार

गावात शिरलो ते सायकल हातात धरून. पहिल्याच गोठ्यात एक बाई म्हशी धूत होत्या. सुमनबाई त्यांचं नाव.

"आगं बया! पोरीचं कोपार बगा की!"

"कोपर राहू द्या मावशी," केतकी म्हणाली, "गरम पाणी आणि भांड्याचा साबण मिळेल का?"

सुमनबाई माझ्याकडे वळल्या. "आधी चाक आन् मंग हात. कुनाची हाय ही?"

"माझी," मी म्हणाले. इतक्या तोऱ्यात मी याआधी हा शब्द उच्चारल्याचं मला आठवत नाही.

मग गोठ्याच्या अंगणात सायकल उलटी ठेवून केतकीने दोन्ही चाकं साबणाने घासली, पुन्हा घासली, बोट फिरवून ते करकरेपर्यंत घासली. ब्रेकची रबरं काढून पायरीच्या खरखरीत दगडावर घासली, तेव्हा वरचा तेलकट थर गेला. सुमनबाईंनी तेवढ्या वेळात तिच्या कोपराला हळद दाबली आणि आम्हा दोघींपुढे भाकरी, पिठलं, ठेचा आणि सायीचं दही ठेवलं. म्हशीच्या दुधाला तिथे इतका मान, की दही वाढताना त्या वाटीकडे स्वतःच कौतुकाने बघत होत्या.

जेवताना मी आमचं बेलापूर सांगितलं आणि त्यांच्या गावाचं विचारलं. इथे ऊस नाही, केळी नाहीत. गावानेच ग्रामसभेत तसं ठरवलेलं. विहिरीत पाणी किती आहे ते बघून कुठलं पीक घ्यायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

"आन् ज्येला ऊसच लावायचाय त्यो?" मी आमच्या घरच्या बोलीत विचारलं.

"त्यो बेलापूरला जाईल," सुमनबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. आमच्या गावात असा ठराव कोणी मांडला तर मांडणाऱ्याला पाटात बुडवतील. पण जेवण झाल्यावर टेकडीवरचे पाणी मुरवायला खणलेले चर, झाडी आणि खालची विहीर बघितली. पाणी हाताला येईल इतकं वर होतं. तेव्हा या लोकांनी मोहाला नाही म्हटलं आणि त्यावर टिकून राहिले, याचं मोठेपण जाणवलं. आदल्या दिवशी माझी पोरगीही दुकानात तशीच टिकून राहिली होती, आणि मी मात्र काळ्या चाकांच्या बाजूने बोलत होते.

परतताना त्याच उतारावर केतकी उलट्या दिशेने चढली, पुन्हा खाली आली, ब्रेक दाबला, थांबली. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी म्हणाले पुरे, तरी तिने ऐकलं नाही.

वन्संना सांगायचं की नाही यावर आमचा वाद झाला. मी म्हणत होते, कशाला, त्यांच्या जिवाला लागेल. केतकीने घरी गेल्या गेल्या सांगून टाकलं. रागावून नाही. आत्याचा हात धरून तिला सायकलपाशी नेलं, ब्रेक दाबायला लावला आणि रबर रिमला कुठे धरतं ते दाखवलं. वन्सं वाकून बघत होत्या. मग त्यांनी केतकीच्या कोपराकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"म्या तेल लावलं गं... म्या म्हनलं कोरडं चाक..."

"तू लावलंस म्हणून चाकं पारखून झाली आत्या. मुरमाच्या ढिगात घातली तरी वाकली नाहीत."

वन्सं डोळे पुसून आत गेल्या आणि एक धुतलेलं कोरडं फडकं घेऊन आल्या. रात्री जेवेपर्यंत त्यांनी ती चाकं इतक्यांदा पुसली, की शेवटी केतकीने सायकल उचलून स्वतःच्या खाटेशेजारी नेऊन ठेवली.

चांदबीबीच्या महालाखाली

निवडीची शर्यत पाथर्डी रस्त्यावर होती. पुढे माळावरून जाऊन वळायचं, येताना चांदबीबीच्या महालाच्या डोंगरावर चढायचं आणि वळणावळणाने खाली उतरून पायथ्याशी संपवायचं. मी आणि वन्सं पायथ्याच्या शेवटच्या वळणाशी उभ्या राहिलो. वन्संच्या खांद्यावर तेच फडकं होतं. त्याआधी सुरुवातीच्या रेषेपाशी एक गृहस्थ केतकीची सायकल बघायला वाकले, तर वन्संनी त्यांना "हात लावायचा न्हाई" म्हणून दटावलं. ते निवड समितीतले निघाले.

वारा माळावरून आडवा येत होता. काळ्या, खोल चाकांच्या सायकली घेऊन आलेल्या दोन मुली होत्या. त्यांतली एक शेवटी पहिली आली, अगदी आरामात, तेव्हा चाकांचा दोष नाही हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. दुसरी वाऱ्यात हेलपाटली आणि मागे पडली. चढावर आमची केतकी सहावी होती. जड चाकं. मला ती वर जाताना दिसली, ओठ आवळलेले, कोपरावर हळदीचा पिवळा डाग. चौघी जाणार आणि ही सहावी.

मग त्या उतरायला लागल्या. पहिल्या तिघी आमच्यासमोरून निघून गेल्या. वरच्या वळणावरून तिघींचा झुबका एकदम आला, आणि आमच्यापुढचं वळण फार अरुंद होतं. दोघींनी लांबूनच ब्रेक दाबलेले दिसले. केतकीने दाबले नाहीत. ती त्याच वेगाने येत होती. मला मुरमाचा ढीग दिसला, शेळ्या दिसल्या, "आई, ब्रेक लागत नाहीत" ऐकू आलं. मी डोळे गच्च मिटून घेतले.

उघडले तेव्हा सायकली खाली गेल्या होत्या आणि लोक टाळ्या वाजवत होते. आम्ही धावत शेवटच्या रेषेपाशी गेलो. कर्ण्यावरून नावं वाचत होते. पहिलं, दुसरं, तिसरं. आणि चौथं केतकीचं, बेलापूर. ती रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून बसली होती, छाती धपापत होती, आणि दोन्ही हातांनी मला बोलावत होती.

तिला मिठी मारली, रडले, ह्यांना फोन केला. ह्यांनी फडातल्या सगळ्या तोडकऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. माझी मुलगी जिल्ह्याच्या संघात गेली, तीही स्वतः पारखून घेतलेल्या चाकांवर. त्या दिवशी मला भेटलेल्या प्रत्येकाला मी हे सांगितलं, रिक्षावाल्यालासुद्धा.

पण संध्याकाळी स्टँडवर श्रीरामपूरच्या गाडीची वाट बघत असताना वन्सं म्हणाल्या, "वैशाली, तू डोळं मिटलंस गं त्या वळनाला. म्या मिटलं न्हाईत."

केतकी पाण्याची बाटली घ्यायला गेली होती. मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

"सांगा ना वन्सं. काय केलं तिनं?"

त्यांनी दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे केले. "त्या दोघी लांबनंच भ्यायल्या. ही आली ती तशीच आली. पार वळनाच्या तोंडाशी. मला वाटलं, ग्येली पोर. तिनं येकदाच दाबलं, असं, आन् चाक गपकन धरलं बग. वाकली, आतून निगाली, दोघींच्या मदनं. आन् जाताना तुझ्याकडंच बगत हुती."

गाडी लागली. लोक चढायला लागले. केतकी दारातून हाका मारत होती आणि मी तिथेच बसून म्हणत होते, "वन्सं, परत एकदा सांगा."